लिनक्स गटाची सभा ओस कशी पाडावी

१४ ऑक्टोबर २०२५ ला विंडोज १० ची नेहमीची अपडेट बंद झाली आणि तुमच्या गावातल्या लिनक्स गटावर (लिनक्स म्हणजे विंडोजऐवजी चालणारी मोफत, खुली ऑपरेटिंग सिस्टिम) संकट कोसळलं: लोक यायला लागले. सातव्या पिढीचा आय-फाइव्ह, आठ जीबी रॅम, कीबोर्डावरची अक्षरंसुद्धा शाबूत, असा धडधाकट लॅपटॉप. पण विंडोज ११ ला आठव्या पिढीच्या आधीचा प्रोसेसर सहसा चालत नाही, म्हणून दुकानदाराने 'नवाच घ्या' सांगून परत पाठवलेला. तो काखोटीला मारून एखादे करसल्लागार काका तुमचा पत्ता विचारत येतात. यांना एकदा लिनक्स टाकून दिलं की पुढच्या खेपेला ते मेहुण्याला आणतात, मेहुणा शाळेतल्या बाईंना. बघता बघता गटात चाळीस माणसं, आणि त्यातल्या एकानेही आयुष्यात कर्नल, म्हणजे लिनक्सचा गाभा, स्वतः कंपाइल केलेला नाही. इतकी वर्षं जपलेला सहा जणांचा कंपू असा बाटू द्यायचा नसेल, तर सभेची आखणी काटेकोर हवी.

तारखेपासून सुरुवात करा. 'दुसरा शनिवार' असलं काही ठरवू नका. दुसऱ्या आणि चौथ्या शनिवारी बँका बंद असतात, बँकवाली मंडळी मोकळी सापडतात. 'शेवटचा शनिवार' हे शब्द फार गुणाचे आहेत. वर्षातल्या चार-पाच महिन्यांत पाच शनिवार पडतात. त्या महिन्यांत निम्मी मंडळी चौथ्याला येऊन कुलपाचं दर्शन घेतात आणि पुन्हा फिरकत नाहीत. काकांसाठी मात्र खास तिसरा शनिवार राखून ठेवा. तो १५ ते २१ तारखेच्या मध्ये कुठेतरी येतो आणि जीएसटीचं ३बी हे विवरणपत्र भरायची मुदत असते २० ला. सप्टेंबरात तर दुधात साखर: तिसरा शनिवार हा सॉफ्टवेअर मुक्ती दिन, म्हणजे तारखेवरून कुणी हुज्जत घालणार नाही. २०२६ मध्ये तो १९ सप्टेंबरला आहे. गणपती १४ ला बसलेले, सभेच्या दुसऱ्या दिवशी ३बी, खिडकीखाली मंडळाचे स्पीकर. व्याख्यानाला विषय ठेवा 'पल्सऑडिओ ते पाइपवायर: लिनक्सवरील ध्वनीची वाटचाल'.

जागा कॉलेजची लॅबच घ्या. फुकट मिळते आणि अडचणी तिच्या अंगच्याच असतात. प्राचार्यांच्या नावे अर्ज, त्यावर विभागप्रमुखांची शिफारस, दुसऱ्या प्रतीवर आवक क्रमांकाचा शिक्का, हे सगळं व्यवस्थित करा. फक्त ती शिक्क्याची प्रत घरी विसरा. शनिवारी गेटवरच्या वॉचमनला तुमचं सॉफ्टवेअर मुक्त आहे की बंदिस्त याच्याशी घेणंदेणं नसतं, त्याला कागद लागतो. लॅबची किल्ली शिपायाकडे. प्रोजेक्टरचा रिमोट विभागप्रमुखांच्या कपाटात आणि कपाटाची किल्ली विभागप्रमुखांबरोबर साताऱ्याला. आदल्या दिवशी जाऊन लॅब उघडून बघणं हा भित्र्यांचा मार्ग झाला.

प्रोजेक्टरला व्हीजीए, वक्त्याच्या लॅपटॉपला नुसतं टाइप-सी. कनव्हर्टर कुणीतरी आणलेला असतोच, पण प्रत्येक टाइप-सी खोबणीतून चित्र बाहेर पडत नाही, काहींतून फक्त चार्जिंग आणि डेटा जातो. हे सगळ्यांसमोर, साडेअकरा वाजता, तीन कनव्हर्टर बदलून सिद्ध करावं. वक्त्याला आदल्या रात्री कर्नल अपडेट करायला सांगायला विसरू नका. एनव्हिडियाच्या ग्राफिक्स कार्डाचं मॉड्यूल (ड्रायव्हर) नव्या कर्नलसाठी बांधलं गेलं नसेल तर सकाळी काळा पडदा आणि वर एक चमकती रेघ, आणि वक्ता आनंदाने सांगेल की विंडोजमध्ये तुम्हाला ही रेघसुद्धा दिसली नसती.

विजेचा हिशेब बहुतेक गट करतच नाहीत, त्यामुळे इथे आपसूक यश मिळतं. तरी समजून घ्या. साध्या सहा अँपिअरच्या प्लगमधून २३० व्होल्टला जेमतेम १,३८० वॅट निघतात. ६५ वॅटचे वीस चार्जर म्हणजे १,३०० वॅट. एका एक्सटेन्शन बोर्डला दुसरा, दुसऱ्याला तिसरा अशी माळ लावली की वीस लॅपटॉप कसेबसे बसतात. मग तिथेच प्रोजेक्टर जोडा. तेवढ्यानेही भागलं नाही तर १,५०० वॅटची चहाची किटली आहेच. ती एकटीच त्या प्लगला भारी. भिंतीत एसीसाठीचा १६ अँपिअरचा जाड पिनांचा सॉकेट मोकळा असतो, पण त्यात बसेल असा बोर्ड आणण्याचं कुणाच्या डोक्यात येता कामा नये. वीज जाण्याची योग्य वेळ म्हणजे इन्स्टॉलेशन साठ टक्क्यांवर असताना. जुन्या लॅपटॉपच्या बॅटऱ्या कधीच्या मेलेल्या असतात, हे तुम्हाला ठाऊक आहे. काकांना नाही.

आता लिनक्स टाकायचे पेनड्राइव्ह. इथे घाई करू नका, कारण सगळी गंमत इथेच आहे.

पेनड्राइव्ह आधी तयार ठेवणारे गट असतात. दहा पेनड्राइव्ह, प्रत्येकावर चिठ्ठी, आयएसओचा, म्हणजे इन्स्टॉलेशनच्या एकसंध फाइलचा, शा-२५६ ताळा (फाइल बिघडलेली नाही हे सांगणारा आकडा) तपासलेला, एकेकावरून एकदा मशीन उठवून बघितलेलं. असल्या गटांचं काय होतं ते सांगायला नको. तिथे दुपारी दोनपर्यंत सगळे हसतमुखाने घरी जातात. तुम्ही लोक आल्यावर लिहायला घ्या. उबुंटू या लिनक्स वितरणाच्या डेस्कटॉपची आयएसओ सहा जीबीच्या घरात गेली आहे. फुटपाथवरचा स्वस्त पेनड्राइव्ह सेकंदाला पाच एमबीच्या गतीने लिहितो. म्हणजे एकाला वीस मिनिटं, दहांना तीन तासांहून जास्त. कुणी उत्साही मुलगा आयएसओची फाइल सरळ पेनड्राइव्हवर ओढून टाकू लागला तर त्याला अडवू नका. पेनड्राइव्ह फॅट-३२ या जुन्या मांडणीचा असेल तर चार जीबीच्या पुढची फाइल त्यावर मावतच नाही. मावेल तिथेही तो उठणार नाही, कारण आयएसओ नुसती ठेवायची नसते, उकलून लिहायची असते. 'व्हेंटॉय' नावाचं एक साधन आहे. ते पेनड्राइव्हवर एकदा बसवलं की आयएसओ खरोखरच नुसत्या ओढून टाकता येतात, एकावर चार-पाचसुद्धा. त्याचं नाव काढणाऱ्याला चहा आणायला पाठवा.

लिहायचं ते 'डीडी' या आज्ञेनेच. खिडक्या-बटणांची साधनं बायाबापड्यांसाठी. आणि आज्ञा तोंडपाठ हवी, 'एलएसबीएलके' चालवून कोणती डिस्क कोणती हे बघणं कमीपणाचं. तुमच्या स्वतःच्या नव्या लॅपटॉपमध्ये नव्या जातीची एनव्हीएमई डिस्क असते, लिनक्समध्ये तिचं नावच वेगळं, त्यामुळे खोचलेला पहिला पेनड्राइव्ह होतो 'एसडीए'. शंभर वेळा तुम्ही 'एसडीए'वर लिहिलं आहे आणि शंभरही वेळा बरोबर ठरलं आहे. काकांच्या २०१७ च्या लॅपटॉपमध्ये जुन्या जातीची साटा हार्ड डिस्क आहे. तिथे 'एसडीए' म्हणजे काकांची डिस्क. ही माहिती सध्या बाजूला ठेवा, दुपारी लागेल.

इंटरनेटबद्दल थोडक्यात: कॉलेजच्या वायफायला विद्यार्थ्याचा क्रमांक लागतो, पाहुण्यांना तो नसतो, म्हणून कुणाच्या तरी फोनचा हॉटस्पॉट. दहा-एक जोडण्यांनंतर फोन पुढच्याला दारातूनच परत पाठवतो आणि रोजचा दोन जीबीचा कोटा साडेबाराला संपतो. इन्स्टॉल करताना 'अपडेटही उतरवा' या चौकटीत सगळ्यांना खूण करायला लावा. वीस जणांचे पाचशे-पाचशे एमबी म्हणजे दहा जीबी, तेही तेच ते पुन्हा पुन्हा. एका लॅपटॉपवर 'ॲप्ट-कॅशर-एनजी' बसवलं तर प्रत्येक पॅकेज एकदाच बाहेरून येतं आणि बाकीच्यांना आतूनच मिळतं. मग लोक रिकामे बसतात आणि प्रश्न विचारतात. ब्रॉडकॉमच्या वायफाय चिपचा गुंता तर अलौकिक: ड्रायव्हर उतरवायला इंटरनेट हवं, इंटरनेटला ड्रायव्हर. फोन साध्या यूएसबी केबलने जोडून टेदरिंग चालू केलं तर हा प्रश्न मिनिटात सुटतो, सबब केबल कुणाच्याही बॅगेत असता कामा नये.

व्याख्यान अकराचं असेल तर बाराला सुरू करून २५ ऑगस्ट १९९१ पासून, म्हणजे लिनक्सच्या पहिल्या घोषणेपासून, हळूहळू पुढे या. त्याच्याही आधी १९८३ ची मुक्त सॉफ्टवेअरच्या ग्नू प्रकल्पाची घोषणा आहे, ती टाळता येत नाही. तिथून 'लिनक्स' म्हणायचं की 'ग्नू/लिनक्स' यावर चाळीस मिनिटं सहज निघतात. सभागृहातल्या तिघांना यात खरोखर गती असते, बाकीचे पंख्याकडे बघतात. मग जुन्या मंडळींनी मासिकासोबत आलेल्या सीडीच्या आठवणी काढाव्यात. उबुंटूवाले २०११ पर्यंत परदेशातून सीडी फुकट पाठवायचे, पाकिटासकट, हेही सांगावं. सिस्टिमडी, म्हणजे मशीन उठताना सगळ्या सेवा सुरू करणारी व्यवस्था, हा वादाचा विषय राखीव ठेवा. डेबियन या जुन्या लिनक्स वितरणाने तो वाद २०१४ मध्येच निकालात काढला, पण आपल्याकडे जुने खटले असे लवकर मिटत नाहीत.

काका मधेच हात वर करून विचारतील, 'यावर टॅली चालेल का?' हा सभेचा कळीचा क्षण. प्रामाणिक उत्तर एका वाक्याचं आहे: टॅलीसाठी विंडोज शेजारी ठेवा किंवा व्हर्च्युअल मशीनमध्ये (संगणकाच्या आतल्या नकली संगणकात) चालवा, बाकी सगळं लिनक्सवर करा. ते देऊ नका. 'मुळात टॅली का वापरता?' असं विचारा, आणि ग्नूकॅश हे हिशेबाचं मुक्त सॉफ्टवेअर सुचवा. जीएसटीचं काय, असं त्यांनी म्हटलं तर स्रोत खुला आहे, तुम्ही स्वतः भर घालू शकता, असं हसून सांगा. डिजिटल सहीच्या टोकनाचा प्रश्न ऐकूच आला नाही असं करा. खाली मंडळाचे स्पीकर चालू आहेतच. प्रेसवाल्या बाई जुन्या फाँटातल्या लग्नपत्रिका घेऊन आल्या असतील तर त्यांना युनिकोडचा इतिहास द्या. मराठीसाठी इनस्क्रिप्ट आणि उच्चारानुसारी दोन्ही कीबोर्ड आधीपासून आत आहेत, सेटिंगमध्ये दोन टिचक्यांत मिळतात, एवढ्यावर त्या खूश होऊन रोज वापरायला लागतील. त्यांना हे कळता कामा नये.

जेवणानंतर प्रत्यक्ष काम. पहिली बळी ती इंजिनिअरिंगच्या पहिल्या वर्षाची मुलगी, नवाकोरा विंडोज ११ चा लॅपटॉप घेऊन आलेली. उबुंटू, डेबियन, फेडोरा ही लिनक्स वितरणं सिक्युअर बूट (अनोळखी सिस्टिम उठू न देणारं कुलूप) चालू असतानाही उठतात. तरी बायॉसमध्ये (मशीन सुरू होतानाच्या मूळ सेटिंगमध्ये) शिरून आधी तो बंद करा, परंपरा आहे. नव्या लॅपटॉपवर विंडोज बऱ्याचदा न सांगता डिस्क एन्क्रिप्ट करून ठेवतं. बायॉसमध्ये असं काही हललं की पुढच्या वेळी ते ४८ अंकी रिकव्हरी की मागू शकतं. ती मायक्रोसॉफ्टच्या खात्यात असते, खातं दुकानातल्या पोराने उघडून दिलेलं असतं आणि त्याचा पासवर्ड त्याच्या फोनमध्ये. की आधी लिहून घ्यायला सांगणारा सदस्य पुढच्या कार्यकारिणीत नको. तरीही ती हरली नाही आणि इन्स्टॉलरला डिस्कच दिसत नाही असं म्हणाली, तर बायॉसमध्ये इंटेलची डिस्क हाताळायची आरएसटी व्यवस्था चालू असणार. ती एका झटक्यात एएचसीआय या साध्या पद्धतीवर टाका. विंडोज आधी एकदा सेफ मोडमध्ये उठवून घेतलं नाही तर ते निळ्या पडद्यावर आपटतं.

काकांची डिस्क विंडोज आणि लिनक्समध्ये वाटायला घेतलीत तर इन्स्टॉलर विंडोजचं विभाजन आखडायला नकार देईल, कारण विंडोज १० चं 'शट डाउन' हे पुरतं शट डाउन नसतं, फास्ट स्टार्टअपमुळे ते अर्धवट झोपलेलं असतं. 'रीस्टार्ट' करून मग पेनड्राइव्हवरून उठवलं की काम होतं. म्हणून त्यांना तीनदा 'शट डाउन'च करायला लावा. तेवढ्यात पलीकडच्या बाकावर पेनड्राइव्ह कमी पडेल आणि कुणीतरी म्हणेल, काकांच्या मशीनवर लाइव्ह सत्र चालूच आहे, तिथूनच एक लिहून घे. लाइव्ह सत्रात, म्हणजे पेनड्राइव्हवरूनच चाललेल्या लिनक्समध्ये, पासवर्ड लागत नाही. डिस्क कुठे जोडलेली नसल्यामुळे तक्रार करायलाही कुणी नसतं. तोंडपाठ आज्ञा. एसडीए. एंटर.

तीन-चार जीबी लिहून झाल्यावर, पेनड्राइव्हवरचा दिवा अजून का लुकलुकला नाही, असं एखाद्याच्या लक्षात येईल. या टप्प्यावर त्या डिस्कवर आणखी काहीही लिहिलं नाही, मशीन तसंच ठेवून हरवलेली विभाजनं शोधणारं 'टेस्टडिस्क' चालवलं, तर सी ड्राइव्ह गेला तरी त्यापुढचा डी ड्राइव्ह, जिथे टॅलीचा डेटा असतो, बऱ्याचदा जसाच्या तसा सापडतो. त्यामुळे तातडीने 'आता तसंही सगळं गेलंच आहे' असं म्हणून संपूर्ण डिस्कवर लिनक्स टाका आणि बॅकअपचं महत्त्व या विषयावर काकांशी मोकळेपणाने बोला.

शेवटी सामूहिक फोटो. तो संध्याकाळी काढायचा नाही, तेव्हा तुम्ही सहाच उरलेले असता. सव्वाअकराला काढा, वॉचमनने नुकतं आत सोडलेलं असताना. काकांना पहिल्या रांगेत बसवा, मांडीवर लॅपटॉप उघडा ठेवून, पडद्यावर टॅली.