वेक्सफर्डच्या मातीच्या भिंती: एका प्रतिक्रियेला उत्तर

नमस्कार,

माझ्या लेखावरची तुमची प्रतिक्रिया दोनदा वाचली. आयर्लंडमधली जुनी खेड्यातली घरं दगडाचीच, तिथल्या पावसात मातीची भिंत टिकणंच शक्य नाही आणि मातीच्या घरात राहायचे ते फक्त कंगाल, असं तुमचं म्हणणं. तुम्ही पश्चिमेकडच्या कॉनेमाऱ्यात फिरून आलात, तिथल्यापुरतं पहिलं म्हणणं पटतं. तिथे शेत करायचं तर आधी दगड वेचावे लागतात, मग भिंतीही त्याच्याच होतात.

पण आग्नेयेला वेक्सफर्डकडे या. ‘किलमोर की’ (Kilmore Quay) या गावातली बरीच शाकारलेली घरं मातीची आहेत. वर्षानुवर्षांचा चुना बसलेला, त्यामुळे लांबून कळत नाही. खिडकीपाशी गेलात की भिंतीची जाडी दिसते, हातभराहूनही जास्त. चिकणमातीत पेंढा घालून, पाणी मारून ती तुडवायची. फळ्यांचा साचा नाही. दगडी जोत्यावर एक थर रचायचा, तो आवळेपर्यंत थांबायचं, मग वरचा. शेवटी फावड्यानं बाजू तासून घ्यायच्या.

पावसाचा विचार त्या लोकांनी आपल्या आधी केला होता. वळचण पुढे काढलेली, चुन्याचा हात नेमानं. आणि छप्पर बहुधा चारही बाजूंनी उतरतं, म्हणजे टोकाची उंच त्रिकोणी भिंत पावसासमोर उघडी पडतच नाही. पश्चिमेकडे भिंत दगडाची, म्हणून ती त्रिकोणात वर चढवता येते. वाऱ्यासाठी छपरावरून दोर टाकून भिंतीतल्या दगडी खुंट्यांना बांधतात. छप्पर पाहून भिंतीचा अंदाज यावा, हे मला या घरांचं सगळ्यात देखणं अंग वाटतं.

कंगालांबद्दल तुम्ही लिहिलंत ते अर्धं खरं. वेक्सफर्डच्या सुखवस्तू शेतकऱ्यांनी याच मातीची दुमजली घरंही बांधली. पण 1841 च्या जनगणनेत आयर्लंडभरात चौथ्या वर्गाची, म्हणजे एका खोलीची मातीची खोपटं सुमारे 4 लाख 91 हजार होती. 1851 मध्ये उरली सुमारे 1 लाख 36 हजार. मधे बटाट्याच्या पिकाचा दुष्काळ पडला. पावसानं विरघळली म्हणून ती खोपटी कमी झाली नाहीत. आतली माणसं उपासमारीनं आणि तापानं गेली, जहाजांत बसून परदेशी गेली, कितीकांना जमीनदारांनी बाहेर काढून घरं पाडली.

हे आकडे मूळ लेखात यायला हवे होते. आज तिथे भर घालतोय.