बॉस्टनचं ‘गर्वहरण’: एका फॉरवर्डची चिरफाड

आमच्या ताईनं परवा घरच्या ग्रुपवर एक फॉरवर्ड टाकला आणि खाली भाच्याला टॅग करून लिहिलं, “वाच आणि बोध घे.” भाचा बारावीला आहे. पूर्वपरीक्षेत वर्गात पहिला आला, एवढाच त्याचा गुन्हा. एरवी असले संदेश मी न वाचता खाली सरकवते. पण हा बॉस्टन ब्रुइन्सबद्दल होता, मी बॉस्टनजवळ राहते आणि ती मालिका मी पहिल्या सामन्यापासून शेवटच्यापर्यंत पाहिली आहे. त्यामुळे राहवलं नाही. बरं, तोच मजकूर नंतर आणखी दोन ग्रुपांवरून आला. म्हणून एकदाच सविस्तर लिहून टाकते, पुढच्या वेळी लिंक पाठवता येईल.

तर फॉरवर्डचं नाव ‘गर्वाचे घर खाली’. मजकूर थोडक्यात असा: अमेरिकेतल्या बॉस्टन ब्रुइन्स या हॉकी संघानं ८२ पैकी ६५ सामने जिंकून विक्रम केला. यशाची नशा चढली, सराव बंद झाला. कर्णधार तर समोरच्या संघाला इतका कमी लेखत होता की पहिले चार सामने खेळलाच नाही. मग फ्लोरिडाच्या गरीब, अननुभवी पोरांनी त्यांना धूळ चारली. इतिहासात असं कधीच घडलं नव्हतं, आणि तेव्हापासून साखळीत पहिल्या येणाऱ्या संघाच्या ट्रॉफीला शापित म्हणतात. दहा जणांना पाठवा.

सोबत चित्र आहे: हिरवंगार टर्फ, हाफ पॅन्टमधला खेळाडू आणि आपल्याकडची वाकडी स्टिक. अहो, ही बर्फावरची हॉकी आहे. ज्यानं हे लिहिलं त्यानं एक मिनिटाचा व्हिडिओसुद्धा पाहिलेला नाही, हे इथेच कळतं.

६५ विजय मात्र खरे. २०२२-२३ च्या मोसमात ६५ विजय आणि १३५ गुण, दोन्ही एनएचएलचे (उत्तर अमेरिकेतल्या बर्फावरच्या हॉकीच्या सर्वांत मोठ्या लीगचे) विक्रम. आणि साखळीनंतरच्या प्लेऑफमध्ये, म्हणजे बाद फेऱ्यांत, पहिल्याच फेरीच्या सात सामन्यांच्या मालिकेत ते फ्लोरिडा पँथर्सकडून ४-३ असे हरले, तेही मालिकेत ३-१ अशी आघाडी असताना. फ्लोरिडाचे गुण होते ९२. पिट्सबर्गला त्यांच्यापेक्षा एक गुण कमी पडला म्हणून फ्लोरिडा प्लेऑफमध्ये आला. फॉरवर्डमधला खरा भाग इथे संपतो.

आता तो कर्णधाराचा मुद्दा. खरं तर याच एका वाक्यासाठी मी लिहायला बसले.

कर्णधार होता पॅट्रिस बर्जरॉन. पहिले चार सामने तो खेळला नाही, हे बरोबर. का खेळला नाही? १३ एप्रिलला माँट्रियलला साखळीतला शेवटचा सामना होता, त्यात त्याला दुखापत झाली आणि पहिल्या सत्रानंतर तो परतलाच नाही. पाठीच्या मणक्यातली चकती सरकली होती. आपल्याकडे ज्याला ‘स्लिप डिस्क’ म्हणतात तेच. ज्यांना झालंय त्यांनी सांगावं की चपला घालायला वाकताना काय होतं. हा माणूस सदतिसाव्या वर्षी त्या पाठीनं पाचव्या सामन्यात बर्फावर उतरला आणि पाचवा, सहावा, सातवा असे तिन्ही सामने खेळला. या खेळात नुसतं स्केटिंग नसतं. फेसऑफला, म्हणजे खेळ सुरू करताना पक (खेळायची रबरी चकती) दोघांच्या मध्ये टाकतात तेव्हा, कमरेत वाकून, सगळं वजन पुढे टाकून समोरच्याशी पकसाठी झटापट करावी लागते, आणि बर्जरॉनचं तेच मुख्य काम होतं.

बरं, हा कुठला बर्जरॉन? २०१३ च्या अंतिम मालिकेत शिकागोविरुद्ध मोडलेली बरगडी, फाटलेला कूर्चा आणि खांद्याचा सुटलेला सांधा घेऊन खेळलेला. सामन्यानंतर त्याला रुग्णालयात ठेवावं लागलं, फुप्फुसाला छिद्र पडलं होतं. बचावात उत्तम असणाऱ्या आघाडीच्या खेळाडूला जी सेल्की ट्रॉफी देतात, ती त्याला सहा वेळा मिळाली, इतक्या वेळा दुसऱ्या कुणालाही नाही. एकोणीस मोसम एकाच संघात. फ्लोरिडाविरुद्धचा सातवा सामना हरल्यावर तो बर्फावर थांबून एकेका सहकाऱ्याला मिठी मारत होता, आणि त्याच जुलैत निवृत्त झाला. अशा माणसाबद्दल ‘कमी लेखून बसून राहिला’? हे लिहिणाऱ्याला दुखापतीची बातमी सापडली नसेल असं मला वाटत नाही. सापडली असेल, पण गोष्टीत बसली नसेल. आजारी माणसाला माजोरडा ठरवल्याशिवाय ज्या बोधकथेचा बोध निघत नाही, ती बारावीच्या मुलाला पाठवू नये, ताई. उद्या त्याला परीक्षेच्या दिवशी ताप आला तर त्याचाही गर्व काढणार का?

इथे एक प्रश्न विचारता येतो आणि तो बॉस्टनच्या लोकांनी तेव्हाच विचारला होता. दोन्ही विक्रम खिशात होते, पहिला क्रमांक पक्का होता, मग त्या माँट्रियलच्या सामन्यात कर्णधाराला उतरवलंच कशाला? चूक म्हणायची तर ही म्हणा. पण ही चूक जास्त खेळल्याची आहे. फॉरवर्ड म्हणतो त्याच्या बरोबर उलट.

‘सराव बंद केला’ याला आधार शून्य. त्यापेक्षा सामने काय सांगतात ते बघू.

पाचवा सामना, बॉस्टन, स्कोअर ३-३, निर्धारित वेळेचे अगदी शेवटचे क्षण. बॉस्टनचा ब्रॅड मार्शंड एकटा सुटला, समोर फक्त फ्लोरिडाचा गोलकीपर सर्गेई बॉब्रोव्स्की. हा पक आत गेला असता तर मालिका ४-१ अशी तिथेच संपली असती आणि आज कुणाला गर्वाची आठवणही झाली नसती. बॉब्रोव्स्कीनं अडवला. मग ओव्हरटाइम. बॉस्टनचा गोलकीपर लिनस उलमार्क गोलच्या मागे पक खेळायला गेला, पक फ्लोरिडाला मिळाला आणि मॅथ्यू कचकनं गोल केला. प्लेऑफच्या ओव्हरटाइममध्ये पहिला गोल म्हणजे सामना खलास. सहाव्या सामन्यात तिसऱ्या म्हणजे शेवटच्या सत्रात बॉस्टन ५-४ नं पुढे होतं, हरलं ७-५ नं. सातव्यात सुरुवातीला ०-२ असं मागे पडून तीन गोल केले आणि शेवटचं मिनिट लागेपर्यंत ३-२ नं पुढे होते. फ्लोरिडाच्या ब्रँडन मॉन्टूरनं बरोबरी केली तेव्हा घड्याळात एक मिनिटही उरलं नव्हतं. ओव्हरटाइममध्ये कार्टर व्हरहेगीनं संपवलं. ०-२ वरून ३-२ करणारा संघ झोपलेला होता म्हणायचं का?

आता नाइलाजानं एक गोष्ट मान्य करते, कारण ती न सांगणं लबाडी होईल. प्रशिक्षक जिम माँटगोमेरी यांच्या निर्णयांत गडबड होती. साखळीभर त्यांनी दोन गोलकीपर आलटून पालटून वापरले होते. उलमार्कनं ४० सामने जिंकले आणि त्या वर्षीची सर्वोत्तम गोलकीपरची व्हेझिना ट्रॉफीही त्यालाच मिळाली. दुसरा जेरेमी स्वेमन, तोही चोख. ही अदलाबदल हेच त्या मोसमाचं बलस्थान होतं. प्लेऑफला मात्र पहिले सहाही सामने उलमार्कलाच उभं केलं, तो थकलेला आणि दुखापतीनं त्रासलेला दिसत असताना. स्वेमनला थेट सातव्या सामन्यात, सगळं पणाला लागल्यावर टाकलं. शिवाय पाचव्या-सहाव्या सामन्यांत बॉस्टननं पक किती स्वस्तात घालवले ते बघताना माझाही संताप झाला होता. याला निष्काळजीपणा म्हणा, हट्ट म्हणा. पण यशस्वी माणसानं सवयीचं गणित बदलल्याची ही चूक आहे. तिला ‘नशा चढली’ म्हटलं की फॉरवर्ड जास्त धावतो, बस.

‘गरीब, अननुभवी पोरं’ वाचून तर मी हसलेच. बॉब्रोव्स्कीचा करार तेव्हा वर्षाला १ कोटी डॉलरचा होता, म्हणजे उलमार्कच्या दुप्पट. मॅथ्यू कचक याचा ९५ लाखांचा. एनएचएलमध्ये सगळ्या संघांना पगाराची एकच कमाल मर्यादा असते, तेव्हा गरीब-श्रीमंतांची लढाई हा प्रकारच तिथे नाही. अनुभवाचं म्हणाल तर बॉब्रोव्स्कीकडे तेव्हाच दोन व्हेझिना होत्या. आणि हाच फ्लोरिडा संघ आदल्या वर्षी १२२ गुण घेऊन साखळीत पहिला आला होता! ज्या ट्रॉफीला फॉरवर्ड शापित म्हणतो, तीच जिंकून. मग उन्हाळ्यात त्यांनी संघ मोडून नव्यानं बांधला, कचकला आणलं, प्रशिक्षक म्हणून पॉल मॉरिस आले. घडी बसायला वेळ लागला म्हणून साखळीत मागे पडले. त्या मोसमात बॉस्टनशी साखळीत चार सामने झाले, त्यांतले दोन फ्लोरिडानं जिंकले होते. बॉस्टनला हरवल्यावर ते थेट अंतिम फेरीत गेले, आणि २०२४ व २०२५ असा सलग दोनदा स्टॅनले कप, म्हणजे एनएचएलचं विजेतेपद, उचलला. २०२५ च्या त्या विजेत्या संघात कोण होतं? पाचव्या सामन्यात बॉब्रोव्स्कीनं ज्याला अडवलं तो मार्शंड. मधल्या काळात तो बॉस्टनचा कर्णधार झाला आणि मग फ्लोरिडाकडे गेला.

‘इतिहासात कधीच नाही’ हे तर थापेबाजीचं टोक. चारच वर्षं आधी, २०१९ मध्ये, ६२ सामने जिंकलेला टँपा बे लाइटनिंग पहिल्याच फेरीत कोलंबसकडून ४-० असा साफ झाला. पहिल्या सामन्यात तीन गोलांनी पुढे असताना हरले. कोलंबसचा गोलकीपर कोण? पुन्हा बॉब्रोव्स्की. योगायोग, पण शापापेक्षा मला हा जास्त पटतो. २०१० मध्ये १२१ गुणांचं वॉशिंग्टन ३-१ नं पुढे असूनही माँट्रियलकडून हरलं. सहाव्या सामन्यात यारोस्लाव हालाकनं ५३ फटके अडवले होते. १९८२ मध्ये वेन ग्रेट्स्की या महान खेळाडूच्या एडमंटनला लॉस एंजेलिसनं घरी पाठवलं, तेव्हा गुणांतला फरक ४८ होता, बॉस्टन-फ्लोरिडात ४३. आणि टँपाचं पुढे काय झालं? तोच प्रशिक्षक, जवळपास तोच गाभा, २०२० आणि २०२१ चे दोन्ही कप त्यांचे. एका वर्षात गर्व उतरला म्हणून जिंकले असं कुणी म्हणणार असेल तर म्हणो बापडा.

शापाचं गणित दोन ओळींत होतं. साखळीत पहिल्या येणाऱ्या संघाची ही प्रेसिडेंट्स ट्रॉफी १९८५-८६ पासून देतात. २०२५ पर्यंत ती ३९ वेळा दिली गेली, त्यांतल्या आठ वेळा त्याच संघानं त्याच वर्षी कपही जिंकला. प्लेऑफमध्ये १६ संघ असतात. सगळे सारखेच असते तर ३९ मध्ये दोन-तीनदा कप आला असता. आठदा आला. असला शाप कुठलाही संघ आनंदानं घेईल.

मग असं घडतं तरी का, हा चांगला प्रश्न आहे आणि त्याचं उत्तर कुणाच्या स्वभावात शोधायची गरज नाही. मायकेल लोपेझ, ग्रेगरी मॅथ्यूज आणि बेन बॉमर या संख्याशास्त्रज्ञांनी २०१८ मध्ये ‘ॲनल्स ऑफ अप्लाइड स्टॅटिस्टिक्स’ या नियतकालिकात नेमका हाच प्रश्न घेतला: चांगला संघ किती वेळा जिंकतो? सट्टाबाजारातले भाव वापरून त्यांनी अमेरिकेतले चार मोठे खेळ तपासले. बास्केटबॉलमध्ये सरस संघ बहुतेक वेळा जिंकतोच. हॉकी आणि बेसबॉलचा एकेक सामना नाणेफेकीच्या बराच जवळ. बर्फावर ते डोळ्यांना दिसतं: गोल कमी होतात, पक कुणाच्या तरी स्केटला, काठीला लागून दिशा बदलतो, आणि एक गोलकीपर आठवडाभर अंगात आल्यासारखा खेळला की समोरच्यांचे ६५ विजय कागदावर राहतात. बॉस्टनला फ्लोरिडाविरुद्ध प्रत्येक सामन्यात ६० टक्के संधी होती असं धरा. साताच्या मालिकेत ती ७१ टक्के होते. म्हणजे अशा दहा मालिकांत जवळजवळ तीन हरायच्याच, गर्व असो वा नसो.

बास्केटबॉलच्या सात सामन्यांत सरस संघ जितक्या खात्रीनं पुढे जातो, तितकी खात्री हॉकीत हवी असेल तर मालिका किती सामन्यांची लागेल, तेही या लोकांनी काढलं. ५१. एक दिवसाआड खेळले आणि मालिका शेवटपर्यंत गेली तर एका फेरीला तीन महिन्यांहून जास्त, आणि कपापर्यंत फेऱ्या चार. सात सामन्यांत हरलेल्यांचा गर्व मोजणाऱ्यांनी आधी एवढा बर्फ टिकवून दाखवावा.