उतार फुकटात मिळत नाही

साताऱ्याच्या घाटातली अर्धमॅरेथॉन जवळ आली, की मुंबईतल्या धावपटूंच्या व्हॉट्सॲप गटांवर एक संदेश फिरू लागतो, आणि जानेवारीत मुंबई मॅरेथॉनच्या तोंडावर तोच संदेश तिच्या मार्गावरच्या पेडर रोडच्या चढाचे नाव घालून पुन्हा येतो. त्याचा मजकूर थोडक्यात असा: चढावर आपला ठरलेला पेस, म्हणजे किलोमीटरला लागणारा वेळ, सोडू नये, तरीही जो वेळ जाईल तो उतारावर परत मिळतो, कारण उतारावर शरीराला विश्रांती मिळते, म्हणून तिथे मागे रेलून टाचांनी ब्रेक न लावता पाय मोकळे सोडून लांब टांगा टाकाव्यात, जो चढावर चालला त्याची शर्यत संपली, आणि मुंबई सपाट असल्यामुळे मुंबईकराला या सगळ्याचा सराव करता येत नाही, तेव्हा त्याने जिद्दीवर भिस्त ठेवावी. शिवाजी पार्कला आमच्याबरोबर पळणाऱ्या नवख्या मंडळींनी हा संदेश मला अनेकदा मोठ्या विश्वासाने पाठवला आहे. तो पाळून माणसे दुखापती ओढवून घेतात, म्हणून त्यातल्या प्रत्येक मुद्द्याला उत्तर देणे मला आवश्यक वाटते.

पहिला मुद्दा चढावर पेस न सोडण्याचा. घाटरस्ता किती चढावा याचे आपल्याकडे ठरलेले मानक आहे; इंडियन रोड्स काँग्रेसने डोंगराळ भागासाठी सुचवलेला चढ साधारण ५ ते ६ टक्के आहे, म्हणजे १०० मीटर पुढे जाताना रस्ता पाच-सहा मीटर वर उचलला जातो. हा आकडा ऐकायला किरकोळ वाटतो. परंतु इटालियन संशोधक अल्बर्टो मिनेटी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी डोंगरी शर्यतींतल्या धावपटूंना वेगवेगळ्या चढ-उतारांच्या ट्रेडमिलवर पळवून, प्रत्येक मीटरला किती ऊर्जा खर्च होते हे मोजले आणि २००२ मध्ये प्रसिद्ध केले. त्यांच्या समीकरणात ५ टक्के चढ घातला, तर सपाटीच्या तुलनेत सुमारे ३० टक्के अधिक ऊर्जा लागते असे दिसते. सरावलेला धावपटू अर्धमॅरेथॉनच्या वेगाने पळताना आधीच आपल्या प्राणवायू वापरण्याच्या कमाल क्षमतेच्या ८० टक्क्यांच्या आसपास असतो. त्यावर ३० टक्क्यांची भर पडली, की मागणी शंभराच्या पुढे जाते, आणि ती तूट स्नायू प्राणवायूवाचून भरून काढू लागतात. हा व्यवहार काही मिनिटेच चालतो. घाट काही मिनिटांत संपत नाही.

म्हणून चढावर कायम ठेवायची गोष्ट म्हणजे मेहनत, पेस नव्हे. श्वासाची लय सपाटीवर होती तशीच राहावी आणि घड्याळातला आकडा खुशाल घसरू द्यावा. सपाटीवर सहा मिनिटांत किलोमीटर पळणाऱ्याला ५ टक्के चढावर त्याच मेहनतीत सुमारे ७ मिनिटे ४८ सेकंद लागतील, आणि तो अगदी योग्य पळतो आहे असेच म्हणावे लागेल. पाऊल आखूड करावे, पावलांची गती तीच ठेवावी, कंबरेत वाकू नये, कारण वाकल्याने छाती दबते. शरीर घोट्यापासून किंचित पुढे झुकलेले असले म्हणजे पुरे.

दुसरा मुद्दा सर्वांत अधिक पसरलेला आहे आणि सर्वांत अधिक नुकसान करणारा आहे, तो म्हणजे उतारावर सगळे परत मिळते. आधी नुसता हिशोब पाहू. त्याच समीकरणाप्रमाणे ५ टक्के उतारावर तीच मेहनत ठेवली, तर सहा मिनिटांचा धावपटू किलोमीटरला ४ मिनिटे ३५ सेकंदांनी उतरायला हवा. चढाचा एक आणि उताराचा एक किलोमीटर मिळून १२ मिनिटे २३ सेकंद होतात. सपाटीवर १२ मिनिटेच झाली असती. म्हणजे कागदावरही भरपाई पुरी होत नाही, आणि चढ जितका तीव्र तितकी ही तूट वाढते: १० टक्क्यांवर तीच बेरीज साडेतेरा मिनिटांच्या घरात जाते.

त्यातही कागदावरची ती ४ मिनिटे ३५ सेकंद बहुतेकांना साधत नाहीत. मिनिटाला १७० पावले टाकणाऱ्या धावपटूचे पाऊल सहा मिनिटांच्या पेसला सुमारे ९८ सेंटीमीटर पडते. तीच गती ठेवून ४ मिनिटे ३५ सेकंद गाठायची, तर ते १२८ सेंटीमीटर पडावे लागेल. ज्याने आयुष्यात एवढे लांब पाऊल सलग किलोमीटरभर टाकलेले नाही, त्याला दम कितीही शिल्लक असला तरी पाय साथ देणार नाहीत. उतारावर आधी थकतात त्या मांड्या. फुप्फुसांची पाळी नंतर येते.

याचे कारण समजून घेण्यासारखे आहे. चढावर मांडीचा स्नायू आखडत जाऊन शरीर वर ढकलतो. उतारावर तोच स्नायू ताणला जात असताना भार झेलतो, कारण प्रत्येक पावलाला गुडघा थोडा वाकतो आणि खाली येणारे वजन तिथेच थोपवावे लागते. ताण झेलत लांबणाऱ्या स्नायूतले बारीक तंतू अधिक फाटतात. २००५ मध्ये गॉट्शॉल आणि क्रॅम या संशोधकांनी तिरक्या ट्रेडमिलवर पायाखालचे बल मोजले, तेव्हा ९ अंशांच्या उतारावर, म्हणजे सुमारे १६ टक्क्यांवर, आदळण्याचे कमाल बल सपाटीपेक्षा ५४ टक्क्यांनी आणि पाऊल रोखणारे कमाल बल ७३ टक्क्यांनी वाढलेले आढळले. घाटरस्ता इतका तीव्र नसतो हे खरे, पण दिशा तीच आहे, आणि दहा किलोमीटर उतरताना अशी पावले हजारोंनी पडतात.

आमच्या गटातल्या एका तरुणाने हा संदेश अक्षरशः पाळला होता. घाटातून उतरताना तो लांब टांगा टाकत आम्हा सर्वांच्या पुढे निघून गेला, आणि शेवटच्या तीन किलोमीटरमध्ये, रस्ता जवळजवळ सपाट झाल्यावर, त्याचे पाय चालेनासे झाले. रविवारची शर्यत झाली आणि मंगळवारी सकाळी तो मला दादर स्टेशनच्या पुलावर भेटला. पूल चढून तो माझ्याबरोबर सहज वर आला होता. फलाटाकडे उतरताना मात्र त्याने दोन्ही हातांनी कठडा धरला, अंग आडवे केले आणि एकेका पायरीवर दोन्ही पावले टेकवत तो खाली येऊ लागला. मागून येणारी गर्दी त्याच्या खांद्यांना घासून पुढे जात होती आणि खाली त्याची गाडी सुटली. चढताना न दुखणारी मांडी उतरताना दुखते, कारण जिना उतरणे हे घाट उतरण्याचेच लहान रूप आहे. ‘विश्रांती’ घेतलेल्या स्नायूची ही अवस्था होत नाही.

दक्षिण आफ्रिकेतल्या कॉम्रेड्स मॅरेथॉनचे उदाहरण येथे फार बोलके आहे. १९२१ मध्ये सुरू झालेली ही सुमारे ८७ ते ९० किलोमीटरची शर्यत एका वर्षी समुद्रकाठच्या डर्बनकडून सहाशे मीटरहून उंचावरच्या पीटरमारित्झबर्गकडे चढते आणि साधारणपणे पुढच्या वर्षी उलट दिशेने उतरते. चढाच्या दिशेने लिओनिद श्वेत्सोव्ह २००८ मध्ये ५ तास २४ मिनिटे ४९ सेकंदांत पळाला. उताराच्या दिशेने टेटे डिजानाने २०२३ मध्ये ५ तास १३ मिनिटे ५८ सेकंद घेतले. माणसे वेगळी, हवा वेगळी, हे धरूनही जगातल्या उत्तम धावपटूंच्या या दोन विक्रमी वेळांत फरक राहतो तो जेमतेम अकरा मिनिटांचा. बोस्टन मॅरेथॉनही एकूण पाहता सुमारे १४० मीटर उतरते, तरी तिथली ‘हार्टब्रेक हिल’ ही जेमतेम २७ मीटरची टेकडी धावपटूंना रडवते, कारण ३२ किलोमीटरनंतर ती येते तेव्हा सुरुवातीच्या लांब उतारांनी मांड्या आधीच खर्ची पडलेल्या असतात.

संदेशातली एक गोष्ट बरोबर आहे: उतारावर मागे रेलून टाचांनी ब्रेक लावत जाऊ नये. पण त्यावरचा उपाय लांब टांगांचा नव्हे. पावले आखूड आणि चटपटीत असावीत, पाऊल शरीराच्या पुढे न पडता खाली पडावे, आणि उतरण्याचा आवाज कानावर ठेवावा. चपाचप आपटल्याचा आवाज येऊ लागला, की वेग झेपेनासा झाला असे समजावे.

चालण्याबद्दल फार लिहिण्याची गरज नाही. तीव्र चढावर धावण्याची आणि झपझप चालण्याची गती जवळ येते, आणि तिथे मिनिटभर चालून ठोके खाली आणणारा माणूस माथ्यावर पुन्हा पळू लागतो. कॉम्रेड्समध्ये १२ तासांच्या मुदतीत पोहोचणाऱ्यांपैकी कितीतरी जण चढ ठरवून चालतात. पेडर रोडसारख्या छोट्या चढावर, जिथे इमारतींखाली उभी असलेली माणसे संत्र्याच्या फोडी आणि बिस्किटे हातावर ठेवतात, तिथेही आखूड पावलांनी सावकाश पळणे जमत असेल तर पळावे, नसेल तर चालावे, आणि केम्प्स कॉर्नरकडे उतरताना लगेच भरपाई करायला धावू नये. पूर्ण मॅरेथॉनवाल्यांना पुढे मरीन ड्राइव्हची उन्हातली सपाटी पळायची असते.

राहिला मुंबई सपाट असल्याचा दावा. चौपाटीकडून वाळकेश्वरच्या तीन बत्तीकडे चढणारा रस्ता, मलबार हिल, वांद्र्याची पाली हिल, बोरिवलीच्या राष्ट्रीय उद्यानातला कान्हेरीचा रस्ता, ठाण्याचे येऊर, नवी मुंबईत पारसिक हिल: हे सगळे लोकलच्या अंतरावर आहे. मुंबईकराला चढ मिळतात. तो करत नाही तो उताराचा सराव. बहुतेक जण चढ जोरात मारतात आणि उतार हातपाय झटकत चालत येतात. वास्तविक स्नायूला एकदा बेताने उताराचा भार दिला, की पुढचे काही आठवडे तो तसाच भार कमी नुकसानीत झेलतो, आणि हा गुण जिद्दीने येत नाही, सरावानेच येतो. शर्यतीच्या सहा-सात आठवडे आधी कान्हेरीच्या शेवटच्या टप्प्यासारखा बेताचा उतार निवडून ३०० मीटरचे चार उतार नियंत्रित वेगाने पळावेत, दर आठवड्याला एखादा वाढवावा, आणि शेवटचा जोरकस सराव शर्यतीच्या दोन-अडीच आठवडे आधी संपवावा. दादरच्या पुलावरचा तो तरुण यंदा असाच वाळकेश्वरला येतो. पहिल्या आठवड्यात त्याच्या मांड्या दोन दिवस दुखल्या. तिसऱ्या आठवड्यानंतर त्याने दुखण्याचा विषय काढलेला नाही.