बॅटरी मिसिंग म्हणे!

60 हजार रुपये. माझ्या 1972 च्या एमजीबीची, म्हणजे उघड्या टपाच्या ब्रिटिश स्पोर्ट्स कारची, किंमत विमा कंपनीच्या मते 60 हजार रुपये! एवढ्यात हल्ली बऱ्यातली सेकंडहँड अ‍ॅक्टिव्हा येते. मध्यंतरी स्टेपनीसकट पाच वायर व्हील्स इंग्लंडहून मागवली, त्यांचं बिल आणि वर कस्टम ड्यूटी मिळून याच्या कितीतरी पुढे गेलं होतं. म्हणजे चाकं काढून ठेवली तर उरलेल्या गाडीपायी मीच कंपनीचं देणं लागते.

गाडी जुनी, म्हणून दर रिन्यूअलला इन्स्पेक्शन. यंदा एक पोरगं आलं मोबाइल घेऊन. दारातच, "साहेब आहेत का?" साहेब पोहे खातायत, गाडी माझी आहे, असं सांगितलं. तरी प्रत्येक प्रश्न साहेबांनाच! आमच्या साहेबांना ऑइलची डिपस्टिक कुठे असते तेही ठाऊक नाही, पण मान डोलावण्यात पटाईत.

मग ते अ‍ॅप. कंपनी एमजी निवडली की खाली हेक्टर, अ‍ॅस्टर, ग्लॉस्टर, कॉमेट. 1962 ते 1980 अशी अठरा वर्षं इंग्लंडात अ‍ॅबिंग्डनला जी गाडी बनत होती, तिला त्या यादीत जागा नाही. मग 'अदर्स'. बॉडी टाइपमध्ये कन्व्हर्टिबल नाही. "डिकी उघडते ना मॅडम? मग हॅचबॅक टाकतो." सनरूफ आहे का? अरे बाळा, अख्खं छतच दुमडून मागे ठेवलंय! त्याने 'होय' वर टिक केली. चेसिस नंबरला अ‍ॅपला सतरा आकडी लागतात. सतरा आकड्यांची पद्धत रूढ झाली 1981 च्या सुमारास, त्याआधीच्या गाडीचा नंबर सतरा आकडी कुठून येणार? पोराने माझ्या नंबरातल्या जीएचएन 5 च्या मागे भराभर शून्यं लावली. "चालतंय मॅडम." चालतंय! उद्या क्लेम केला की हेच म्हणणार, आरसीवरचा नंबर आणि पॉलिसीवरचा नंबर जुळत नाही, सबब क्लेम नामंजूर.

आणि बॅटरी. बॉनेट उघडलं, फोटो काढले, इकडून वाकला, तिकडून वाकला. बॅटरी कुठाय? म्हटलं, सीटच्या मागे, कार्पेटखाली, सहा-सहा व्होल्टच्या दोन, एकमेकींना जोडलेल्या. कार्पेट उचलून, झाकण काढून दाखवल्या. तर म्हणे अ‍ॅपला इंजिनजवळच्या बॅटरीचाच फोटो लागतो, इथला घेत नाही. मी स्टार्टर मारून दाखवला. ट्विन एसयू कार्ब्युरेटरवर काय सुंदर आयडलिंग होतं सकाळच्या वेळी! त्याने व्हिडिओ घेतला, स्वतःसाठी एक सेल्फीही घेतला. संध्याकाळी रिपोर्ट आला. ओळ पहिली: बॅटरी मिसिंग. ओळ दुसरी: गाडी चालू स्थितीत. या दोन ओळी एकाखाली एक लिहिताना, त्या सिस्टिमला सोडा, ज्या माणसाने सही केली त्यालाही काही वाटलं नसेल?

त्याच रिपोर्टवर 60 हजार.

ऑफिसात फोन केला. आधी "हेक्टरचं कोणतं व्हेरिएंट, मॅम?" झालं. मग वरच्या साहेबांनी नियम ऐकवला. पाच वर्षांपुढच्या गाडीची आणि बंद झालेल्या मॉडेलची आयडीव्ही, म्हणजे विम्यासाठी धरायची किंमत, परस्पर संमतीने ठरवायची असते म्हणे. खरंय, त्यांनी ती परस्परच ठरवली. म्हटलं, मग अ‍ॅग्रीड व्हॅल्यूवर पॉलिसी द्या. आपण एक रक्कम ठरवू, गाडी गेली तर तेवढी द्या, घसारा नाही, वाद नाही. तर म्हणे ती फक्त व्हिंटेज गाडीला. मग माझी काय आहे? "मॅम, व्हिंटेज म्हणजे 31 डिसेंबर 1940 पूर्वीची. तेही क्लबचं सर्टिफिकेट असेल तर." मोटर टॅरिफ, म्हणजे गाड्यांच्या विम्याचं दर-नियमांचं पुस्तक, 2002 चं, दर ठरवायची मोकळीक कंपन्यांना 2007 पासून मिळाली, पण ही 1940 ची रेघ काही पुसायला कोणाला सुचलं नाही. काळ पुढे सरकतो हे त्या कागदाला मान्यच नाही. 1940 ची गाडी वारसा, 1941 ची भंगार.

तिकडे इंग्लंडात एमजीच्या क्लबकडे चार बाजूंचे फोटो पाठवतात, क्लब किंमत लिहून देतो, विमावाले ती मान्य करतात. कोणी येऊन बॅटरी शोधत नाही.

आता 60 हजाराचा अर्थ काय होतो बघा. दुरुस्तीचा खर्च आयडीव्हीच्या 75 टक्क्यांवर गेला की गाडी टोटल लॉस. म्हणजे 45 हजार. रंकाळ्यावर एखाद्या रिक्षाने पुढच्या कोपऱ्याला घासलं, फेंडर ठोकून रंग आणि बंपरला नवा क्रोम म्हटलं की गेलेच 45 हजार. माझी ठणठणीत गाडी कागदावर मेली! त्याच्या खाली खर्च आला तर धातूच्या भागांवर 50 टक्के घसारा, कारण गाडी दहा वर्षांपुढची. रबरावर 50, रंगाच्या मटेरियलवर 50. उद्यमनगरात त्या म्हाताऱ्या मेस्त्रींनी पुढच्या चाकांच्या किंगपिनची बुशं लेथवर काढून बसवली, ती त्यांच्या हिशेबात बसतच नाहीत. बिल कुठाय? बिल नाही, मेस्त्रींनी फक्त चहा घेतला.

आणि हे सगळं ऐकून घेतल्यावर आरटीओ आठवलं की डोक्याची शीरच उठते. ही गाडी आमच्या मामांनी मुंबईला एसटीसीच्या, म्हणजे सरकारी स्टेट ट्रेडिंग कॉर्पोरेशनच्या, लिलावात घेतलेली, कुठल्याशा वकिलातीतली. म्हणून कागदावर इम्पोर्टेड. 2025 च्या नव्या दराने वीस वर्षांपुढच्या इम्पोर्टेड चारचाकीचं रजिस्ट्रेशन रिन्यू करायचं तर 80 हजार रुपये! एका खिडकीवर गाडी 60 हजाराची, दुसऱ्या खिडकीवर तिचा नुसता कागद 80 हजाराचा. जास्त कटकट नको असेल तर 2021 च्या नियमाने व्हिंटेज म्हणून नोंदवा, तिथे पन्नास वर्षं झाली की पुरे. 20 हजार भरा, 'व्हीए' ची पाटी लावा, थर्ड पार्टीत निम्मी सूट मिळवा. पण मग गाडी फक्त रॅलीला, प्रदर्शनाला, पेट्रोल भरायला आणि दुरुस्तीला बाहेर काढायची. म्हणजे पन्हाळ्यावर झुणका-भाकर खायला जायचं तर आधी रॅली भरवा.

एचएसआरपीचं, त्या नव्या हाय सिक्युरिटी नंबरप्लेटचं, तर बोलूच नका. तीन अक्षरांचा जुना नंबर टाकला की वेबसाइट लाल होते. ई-20 चंही, म्हणजे 20 टक्के इथेनॉलवाल्या पेट्रोलचंही, नको. आधीच पेट्रोलचे रबरी पाइप दर थोड्या दिवसांनी हाताने दाबून बघायचे, आता तर रात्री झोपेत वास येतो. आणि सिग्नलला शेजारी थांबून "ताई, किती देते?" विचारणारे! आणि न विचारता लेकराला बॉनेटवर बसवून फोटो काढणारे! आणि वरातीला गाडी मागणारे लांबचे नातेवाईक, ज्यांना माझ्या वडिलांच्या तेराव्याला यायला जमलं नव्हतं.

हे सगळं मी धाकट्या भावाला ओरडून सांगत होते. तो शांतपणे म्हणाला, "तायडे, गाडी विकणारेस?" मरेपर्यंत नाही. "मग किंमत कशाला पाहिजे?" मी आणखी तापले. तो पुढे म्हणाला, चोरी तरी कोण करणार? चोक किती ओढायचा, गाडीतल्या पेट्रोल पंपाची टकटक थांबेपर्यंत दम धरायचा, मग अ‍ॅक्सिलरेटरला नुसता पाय लावायचा, हे सगळं चोराला कोण शिकवणार? खरंतर मीच शिकवीन. रात्री बारा वाजता उठून, "अहो, असं नाही, फ्लड होईल" म्हणत खाली धावेन. घरात मुलांना ताप आला की क्रोसिन, आणि गाडीने जरा खाकरलं की उद्यमनगर. साहेब उगीच पोहे खात बसत नाहीत, त्यांना कळलंय घरात आपला नंबर कितवा.

पण म्हणून 60 हजार? 7,897 रुपये थर्ड पार्टीचे घेताना कसे इंजिन 1798 सीसीचं आहे ते नीट दिसतं यांना. तिथे नाही कोणी म्हणत की मॅम, सिस्टिम घेत नाही.

तर लेखी तक्रार टाकली आहे. मेस्त्रींचं हातानं लिहिलेलं पत्र, चाकांची बिलं, कस्टमच्या पावत्या, सीटमागच्या दोन्ही बॅटऱ्यांचे फोटो, सगळं जोडलंय. तीस दिवसांत समाधान झालं नाही तर पुण्याला विमा लोकपालाकडे जाता येतं, आणि मी जाणार. आज पोच आली. "आपल्या हेक्टरबाबतची तक्रार नोंदवली आहे. कृपया मूळ खरेदीचं इनव्हॉइस आणि दोन्ही रिमोट चाव्यांचे फोटो पाठवा."

तोवर कराड-सातारा पट्ट्यात जुन्या पद्धतीने, तांबं-निकेल देऊन वर क्रोम करणारं कोणी माहीत असेल तर नंबर द्या. मागचा बंपर बघवत नाही. आणि हो, आधीच सांगते, बिल देणारा पाहिजे.