विरजणाचं मडकं आणि कासवाचं घरटं

कोकणात समुद्री कासवांची पिल्लं पाण्यात जाताना बघायला लोक जमतात, त्या कासव महोत्सवाचे दिवस आले की व्हॉट्सअॅपवर एक मजकूर फिरू लागतो. यंदा तो मला तीन ग्रुपवर आला, त्यातला एक माझ्याच माजी विद्यार्थ्यांचा. म्हणणं थोडक्यात असं: कासवं कोट्यवधी वर्षं माणसाशिवाय जगली, त्यांची अंडी उचलून कुंपणात पुरणं ही ढवळाढवळ आहे, हजारात एकच पिल्लू जगतं, मग खटाटोप कशाला, खरी वीण ओडिशात, कोकणात येतात ती मूठभर, आणि कासवांचे खरे वैरी मच्छीमार. शेवटी टोमणा: ‘या समुद्रशास्त्रज्ञांनी आयुष्यभर केलं तरी काय?’ निवृत्त आहे, वेळ आहे, म्हणून उत्तर देते.

आधी ढवळाढवळ. घरटी उकरून अंडी विकणं कोकणात नवं नव्हतं. माणसांतून उरली तर कुत्री आणि कोल्हे. २००२ मध्ये सह्याद्री निसर्ग मित्र या संस्थेने रत्नागिरी जिल्ह्यातल्या वेळास गावी घरटी राखायचं काम सुरू केलं ते या परिस्थितीत. ढवळाढवळ त्याआधीच होऊन गेली होती. कुंपण नंतर आलं.

तरी या मुद्द्यात तथ्य आहे, आणि ते मला माझ्याच चुकीतून कळलं. नोकरीच्या पहिल्या हंगामात एका गावी मी घरटं हलवायला गेले. सकाळ बरीच वर आली होती. अंडी बादलीत भरली, वर वाळू, आणि बादली हलवत चालत निघाले. दोन महिन्यांनी उकरलं तर जवळजवळ सगळी नासलेली. अंडं घातल्यावर काही तासांतच गर्भ आतल्या पापुद्र्याला चिकटतो. त्यानंतर अंडं फिरलं की तो मरतो. पुस्तकात हे मी वाचलेलं होतं. समजावलं मात्र एका म्हाताऱ्याने, जो तरुणपणी स्वतः अंडी काढायचा. पुळणीवरचा माग बघून काठी खुपसायचा, वाळू भुसभुशीत लागली की थांबायचा. तो एवढंच म्हणाला, “बाय, विरजण लावलेलं मडकं कोण हलवतं काय?” पुढे तोच पहाटे गस्त घालू लागला. आज अशांना कासवमित्र म्हणतात.

तेव्हा नियम साधा: जिथे भरतीचं पाणी चढत नाही, कुत्रं-कोल्हं येत नाही, राखणीला माणूस आहे, तिथे घरटं जागेवरच राहू द्यावं. हलवायचंच तर पहाटेच, अंडं न फिरवता, आणि खड्डा मादीने केला होता तसाच, मडक्यासारखा आणि हातभर खोल. कुंपणातली वाळू तापते याकडेही लक्ष हवं. पिल्लू नर की मादी हे वाळूच्या तापमानावर ठरतं. साधारण ३० अंशांच्या वर माद्याच जास्त. उन्हाळा वाढतोय तशी ही काळजी वाढलीय. मजकूर लिहिणाऱ्याने हे लिहिलं असतं तर मी सही केली असती.

‘हजारात एक’ हा ढोबळ अंदाज आहे, पण धरून चालू. एका घरट्यात शंभरच्या आसपास अंडी असतात. म्हणजे एक कासव मोठं व्हायला दहा घरट्यांमधली पिल्लं पाण्यात पोचायला हवीत. प्रमाण इतकं कमी आहे म्हणूनच तर घरटं राखायचं. हा हिशोब उलटा कसा लागतो ते मला कळलेलं नाही.

‘कोकणात मूठभर’ हे खरं. ओडिशातल्या गहिरमाथा किनाऱ्यावर हजारो माद्या एकदम अंडी घालतात, तशी सामूहिक वीण इथे होत नाही, इथे एकेकटी मादी येते. पूर्व आणि पश्चिम किनाऱ्यावरची कासवं वेगळी, असं मी स्वतः वर्षानुवर्षं शिकवलं. मग २०२१ मध्ये ओडिशात टॅग लावलेली एक मादी जानेवारी २०२५ मध्ये गुहागरला अंडी घालायला आली! माझ्या जुन्या नोट्स कुणी जपून ठेवल्या असतील तर ते पान फाडून टाका.

मच्छीमारांबद्दल लिहिताना मजकुराची भाषा घसरते. कासवाला श्वासाला वर यावं लागतं, जाळ्यात ते बुडून मरतं, हे नाकारत नाही. पण जाळं ही त्या माणसाची पुंजी असते. २०१८ पासून महाराष्ट्रात संरक्षित प्राणी सोडवायला जाळं कापलं तर २५ हजारांपर्यंत भरपाई मिळते, आणि अशी जाळी कापून कासवं सोडणारे मच्छीमारच आहेत. व्हॉट्सअॅपवर वैरी शोधणाऱ्याने कधी आपलं काही कापलंय का?

राहिला टोमणा. आयुष्यभर काय केलं? बरंचसं चुकलं, आणि चुकलेलं वहीत तारखेनिशी लिहून ठेवलं. ती बादली अजून घरी आहे. सध्या तिच्यात कढीपत्ता लावलाय, हलवत नाही.