दुसरा माणूस मिळेल ना!

आमच्या नाशिकच्या अंबडमधल्या वर्कशॉपमधून ग्राइंडिंगवाले, म्हणजे फिरत्या व्हीलवर लोखंड घासून मापात आणणारे मामा गेल्या महिन्यात गेले. रिटायर नाही झाले, सोडून गेले. अडीच हजार वाढवून मागितले होते फक्त, ऑफिसातून उत्तर आलं की मशीन तेच आहे, ऑपरेटर दुसरा मिळेल. मिळाला पण. आयटीआय झालेला चुणचुणीत पोरगा आहे, त्याच्याबद्दल माझी काहीच तक्रार नाही हे आधीच सांगतो.

पहिल्याच आठवड्यात ६० एमएमच्या शाफ्टचा अख्खा लॉट अंडरसाइज, मापापेक्षा बारीक. टॉलरन्स, म्हणजे मापात चालणारा फरक, १९ मायक्रॉन, केसाच्या जाडीच्या पावपट धरा. पोराने माप घेतलं होतं, रिपोर्टात सगळं ओके, खोटं काही नाही, पण घेतलं गरम जॉबवर, शाफ्ट थंड व्हायच्या आधीच! कूलंटची, म्हणजे जॉब थंड ठेवणाऱ्या पाण्याची धार नीट व्हीलच्या तोंडाशी लागतच नव्हती, मामा ती नळी दर सेटिंगला हाताने वाकवून बसवायचे, ते कोणी बघितलंच नव्हतं. स्टील तापलं की फुगतं, एवढ्या शाफ्टला २० डिग्रीचा फरक पडला तरी १४ मायक्रॉनच्या आसपास, मग थंड झाल्यावर जॉब मापाखाली जाणारच ना, आणि घासून गेलेलं मटेरियल काय परत चिकटवता येतं का!

नवीन व्हील चढवायच्या आधी मामा ते लाकडी मुठीने वाजवून बघायचे, आपण माठ घेताना बघतो तसं. बद्द आवाज आला की बाजूला. तडा गेलेलं व्हील फिरताना फुटलं तर समोरचा माणूस जातो, गंमत नाही.

आणि नाशिकमध्ये ही गोष्ट समजवावी लागते याचंच नवल वाटतं. आमचे दिंडोरीचे पाहुणे द्राक्षबागेच्या ऑक्टोबर छाटणीला पेठ-सुरगाण्याची तीच टोळी बोलावतात, आधीपासून फोन करून, उचल देऊन. कारण कुठल्या काडीला किती डोळे, म्हणजे फुटव्याच्या जागा, ठेवायचे हे काडी बघून ठरतं, चुकीच्या डोळ्यावर कात्री चालली की घडच नाही, वर्ष गेलं. ते कधी म्हणत नाहीत की कात्री तीच आहे, माणूस कोणीपण चालेल.

परवा न राहवून मामांना फोन लावला. आता सिन्नरला कामाला जातात. राग वगैरे काही नाही, म्हणे पोराला सांगा जॉब टेबलावर ठेव, चहा पिऊन ये, मग माप घे.

आता हा चहा एसओपीत, कामाच्या लेखी पद्धतीत, कुठल्या पॉइंटला टाकू?