डेबिट कार्डाचा रिफंड: दुकानदार चोर की बँक?

बंड्याने घेतलेला प्रिंटर चालेना. दुकानाने तो कुरकुर न करता परत घेतला, कार्डाच्या मशीनवर रिफंड मारला, चिठ्ठी हातात दिली. खात्यात मात्र पैशांचा पत्ता नाही. दुकान म्हणतं, आम्ही केव्हाच पाठवले. बँक म्हणते, आमच्याकडे आलेच नाहीत.

"म्हणजे दोघांपैकी एक जण धडधडीत खोटं बोलतोय," बंड्या कट्ट्यावर बसता बसता म्हणाला.

"दोघंही खरं बोलत असतील," नाना म्हणाले. झालं, तिथून पेटलं.

नाना बँकेत ताळमेळ बसवण्याच्या खात्यातून निवृत्त झालेले. संज्याचं कपड्यांचं दुकान आहे, म्हणजे तो आरोपीच्या पिंजऱ्यात. शिल्पा कार्ड पेमेंटचं सॉफ्टवेअर लिहिते. मी फक्त ऐकणारा, मधूनमधून नाक खुपसणारा.

"खरं कसं असेल नाना? घेताना कार्ड लावलं, दुसऱ्या क्षणी पैसे गेल्याचा मेसेज. मग यायलाच का जड जातंय?"

"गेले कुठे? तेव्हा नुसती विचारपूस झाली," नाना म्हणाले. "मशीन दुकानाच्या बँकेला विचारतं, ती व्हिसा किंवा मास्टरकार्डच्या जाळ्यातून तुझ्या बँकेला विचारते, की या माणसाकडे एवढे आहेत का? तुझी बँक सांगते, आहेत, बाजूला काढून ठेवले. बस. खरे पैसे हलतात ते दुकानदाराने दिवसभराचा हिशेब पाठवल्यावर. या संज्याला विचार, त्याच्या खात्यात विक्रीचे पैसे कधी पडतात."

"दुसऱ्या दिवशी. सुट्टी आली की त्याच्याही पुढे," संज्या म्हणाला.

"पण माझ्यासाठी ते पहिल्याच क्षणी गेले ना? मला तर वापरता येत नाहीत," बंड्या म्हणाला.

यावर नाना गप्प बसले. मुद्दा बिनतोड होता आणि तो पुढे परत येणार होता, पण मध्ये शिल्पाने वेगळाच फाटा फोडला. तिचं म्हणणं, सगळ्यांची चूक एका समजुतीत आहे. लोकांना वाटतं, रिफंड म्हणजे झालेला व्यवहार मागे फिरवणं. तसं नसतं. रिफंड हा अगदी नवा व्यवहार असतो, उलट्या दिशेचा.

"मागे फिरवणं वेगळं, त्याला व्हॉइड म्हणतात. दुकानाने त्या दिवसाची बॅच, म्हणजे दिवसभराच्या व्यवहारांचा गठ्ठा, बंद करायच्या आधी तू परत गेलास तर ते मूळ व्यवहारच रद्द करू शकतात, मग अडवून ठेवलेली रक्कम नुसती मोकळी व्हायची असते. कार्डाच्या निरोपांचं आयएसओ ८५८३ नावाचं मानक आहे, १९८७ मधलं. त्यात 'पैसे आहेत का' हा निरोप ०१०० आणि 'ते मघाचं विसरा' हा ०४००. बॅच एकदा गेली की विसरा म्हणायची सोय संपली. मग रिफंडच."

"ठीक आहे, नवा व्यवहार. तोही क्षणात होऊ दे की."

"तिथेच तर मेख आहे! खरेदीला विचारपूस असते, रिफंडला कित्येक वर्षं ती नव्हतीच. पैसे द्यायचेत, मग विचारायचं कशाला, असा हिशेब. मशीन चिठ्ठी छापायचं आणि नोंद आपल्याच पोटात ठेवायचं. दुकानाने बॅच पाठवेपर्यंत तुझ्या बँकेला त्याची गंधवार्ताही नाही. चेक लिहून खिशातच ठेवल्यासारखं."

म्हणजे दुकानदाराच्या लेखी रिफंड झाला, कारण मशीनने 'मंजूर' छापलं. बँकेच्या लेखी काहीच घडलं नाही. नाना म्हणत होते ते हेच. काउंटरवरच्या मुलाला हे कुणी शिकवलेलं नसतं. त्यामुळे तो छातीठोकपणे 'पाठवले' म्हणतो, त्यात लबाडी नसते.

"आता सुधारणा झालीये," शिल्पा म्हणाली. "व्हिसा आणि मास्टरकार्ड दोघांनीही रिफंडच्या वेळीसुद्धा बँकेला आधी निरोप पाठवण्याची पद्धत आणली. तो निरोप आला तर 'रक्कम येते आहे' असं बँक तुला लगेच दाखवू शकते. पण निरोप म्हणजे पैसे नव्हेत. हातात कधी द्यायचे ते बँक ठरवते."

बंड्याने मोबाईल काढून पाहिलं. येत्या रकमेतही काही नव्हतं.

मग सगळ्यांनी संज्याकडे मोर्चा वळवला. त्यालाही तेच हवं असावं, कारण तो भरून बसला होता.

"तुम्हाला वाटतं आम्ही पैसे दाबून ठेवतो. रिफंड माझ्या गल्ल्यातून जात नाही रे बाबा. माझी बँक उद्याच्या विक्रीतून तो वळता करते आणि उरलेलं मला देते. विक्रीच झाली नाही, किंवा परत आलेला माल विकलेल्यापेक्षा जास्त, तर ती माझ्या खात्यातून ओढते. तिथेही नसेल तर रिफंड लटकला. वर विक्रीच्या वेळी कापलेलं कमिशन बऱ्याच कंपन्या परत देत नाहीत. माल परत, पैसे परत, कमिशन मात्र माझ्या माथी."

"मग रोख देऊन मोकळा हो ना. दोघांचीही कटकट जाईल."

"नाही देता येत. ज्या कार्डावरून आले त्याच कार्डावर परत, असा नियम असतो."

"कुणाच्या सोयीसाठी?"

उत्तर नानांनी दिलं. "चोरलेल्या कार्डावर वस्तू घ्यायची, दुसऱ्या दिवशी परत करून रोख उचलायची, हा धंदा फार जुना आहे. कार्डवाला तक्रार करतो तेव्हा दुकानाची रोखही गेलेली असते आणि कार्डावरून आलेले पैसेही जातात."

"म्हणजे मी चोर!"

"तू नाहीस. पण मशीनला तुझा चेहरा दिसत नाही."

हे बंड्याला पटलं नाही आणि खरं सांगायचं तर मलाही अर्धवटच पटलं. पैसे त्याच कार्डावर जाणं ठीक, पण सावकाश जाणं त्यातून सिद्ध होत नाही. बंड्याने तेच धरलं. त्याचा सिद्धांत असा की बँका मुद्दाम उशीर करतात, हजारो लोकांचे पैसे दोन-चार दिवस वापरतात आणि व्याज खातात.

नानांना हा आरोप झोंबला. चाळीतल्या भांडणात असतो तसा त्यांचा आवाज चढला. "रिफंड एकाच ठिकाणी पडून नसतो. बॅच जाईपर्यंत रक्कम दुकानाकडे. मग दुकानाची बँक, मग नेटवर्कची देवघेव, मग तुझी बँक, आणि तिथे रात्रीच्या हिशेबात जमा. मध्ये शनिवार, रविवार, सुट्टी आली की ही साखळी थांबते. मशीन रविवारीही 'मंजूर' छापतं, बँकांमधली देवघेव सोमवारची वाट बघते. यात एकटी तुझी बँक खाते कुठे?"

"एकटी नाही, सगळे मिळून खातात," बंड्या म्हणाला. याला उत्तर आलं नाही.

"आणि ते 'सात ते दहा कामकाजाचे दिवस' काय असतं?"

"तो आकडा सगळ्यात रखडलेल्या रिफंडला पोटात घेईल इतका ऐसपैस ठेवलेला असतो," शिल्पा हसली. "म्हणजे त्याआधी कुणी फोन करू नये. आणि नाना, एक सांगू का? तांत्रिक अडचणीचं कारण आता चालणार नाही. व्हिसा डायरेक्ट आणि मास्टरकार्ड सेंड (आता मास्टरकार्ड मूव्ह) आहेतच. कार्डावर पैसे ढकलायची वाट. तयारी असलेल्या बँकेत अर्ध्या तासाच्या आत पैसे पोचतात. विम्याचे दावे, गाडी चालवणाऱ्यांची रोजची कमाई, सगळं जातं त्यावरून. रिफंडही जाऊ शकतो."

"जाऊ शकतो. फी कोण देणार? आणि दुकानाला पैसे आधी ठेवावे लागतील, उद्याच्या विक्रीतून वळते करून चालणार नाही."

"मी नाही देणार," संज्याने तात्काळ जाहीर केलं.

माझं मत विचाराल तर बंड्याचा सुरुवातीचा मुद्दाच खरा होता, आणि व्याजाच्या नादात तो स्वतःच त्यावरून घसरला. खरेदीच्या वेळी बँक दुकानाला फक्त शब्द देते, पण तेवढ्या शब्दावर आपले पैसे तत्क्षणी अडकवते. परत देताना दुकान शब्द देतं, छापील चिठ्ठी देतं, तेव्हा मात्र तो शब्द पैशांत धरला जात नाही. कारण उघड आहे. जाताना रक्कम अडवली नाही तर बुडेल बँक. येताना दुकानाने बॅच पाठवलीच नाही आणि आपण ते पैसे खर्चून बसलो, तरीही बुडेल बँकच. दोन्हीकडे तिने स्वतःला वाचवलंय. तिच्या जागी मीही तेच केलं असतं, पण म्हणून त्याला यंत्राची मर्यादा म्हणू नये.

क्रेडिट कार्डाला हे तितकं लागत नाही. तिथे अडकते ती उधारीची मर्यादा, बिलाच्या तारखेआधी रिफंड आला नाही तर तेवढी कटकट. डेबिट कार्डात आपली स्वतःची शिल्लक अडकते. त्याच खात्यातून हप्ता जायचा असेल तर हप्ता परत, त्यावर दंड, आणि तो दंड ना दुकान भरून देणार, ना बँक. बंड्याचा राग बहुधा याच भीतीचा होता.

"भांडण पुरे, आता करायचं काय ते सांगा," बंड्या म्हणाला.

"दुकानात जा आणि एआरएन माग," शिल्पा म्हणाली. "दुकानाच्या बँकेने रिफंड पुढे पाठवला की त्याला २३ आकडी क्रमांक पडतो. तो घेऊन तुझ्या बँकेत गेलास की त्यांना शोधावंच लागतं, 'आलेच नाहीत' म्हणून वाटेला लावता येत नाही. पिन टाकून झालेल्या काही डेबिट व्यवहारांना तो नसतो, मग आरआरएन हा १२ आकडी संदर्भ क्रमांक माग. आणि दुकान कुठलाच क्रमांक देऊ शकलं नाही, तर समज की रिफंड बहुतेक त्यांच्या दारातून निघालेलाच नाही."

"चिठ्ठीवर कार्डाचे शेवटचे चार आकडेही ताडून बघ," नानांनी जोडलं. "घरात दोन कार्डं असली की लोक दुसऱ्याच खात्याकडे डोळे लावून बसतात."

"एवढं करूनही नाही आले तर?"

"मग आपल्या बँकेत वाद नोंदवायचा. व्हिसाच्या यादीत यासाठी वेगळं कारणच आहे, १३.६, रिफंड कबूल केला पण पाठवला नाही. चिठ्ठीच्या तारखेपासून साधारण १५ दिवस थांबायला लावतात. १२० दिवसांची मुदत असते, ती मात्र उलटू देऊ नकोस. म्हणून चिठ्ठी जप. ती शाई उडते, फोटो काढून ठेव."

"आणि उतावळेपणा करू नकोस," संज्या मध्येच ओरडला. "रिफंड वाटेत असताना वाद टाकतात, मग दोन्हीकडून पैसे येतात आणि आमच्या खात्यातून दोनदा जातात. ते सोडवताना कंबरडं मोडतं."

"तुझ्याकडे बॅच कोण बंद करतं रे?" शिल्पाने सहज विचारल्यासारखं विचारलं.

"मशीन करतं. आपोआप."

"आपोआप करतं की बटण दाबावं लागतं?"

संज्या जरा चाचपडला. "दाबावं लागतं. दाबतो की रोज. नाही दाबलं तर विक्रीचे पैसे कसे येतील?"

"आणि ज्या दिवशी विक्री नाही, नुसता माल परत आलाय?"

"त्या दिवशी," संज्या म्हणाला, "थोडं राहून जातं."

बंड्या उठला. प्रिंटरवाल्याचं दुकान अजून उघडं असेल, म्हणाला, आणि त्याला पहिला प्रश्न बटणाचाच विचारणार.